दोन शोषखड्ड्यांचा संडास: नऊ इंचांच्या चेंबरवर सगळं अडतं

गावाकडे घर बांधायला काढलं की संडासाच्या बाबतीत दोनच सल्ले मिळतात. हार्डवेअरवाला काळी प्लॅस्टिकची तयार सेप्टिक टाकी दाखवतो. गवंडी म्हणतो, "दहा फुटांचा एकच खड्डा मारू, तुमच्या नातवंडांपर्यंत बघायला नको." दोन शोषखड्ड्यांचा संडास आपणहून कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नसतं: एक भांडं, एक ट्रॅप (भांड्याखालचं पाणी धरून वास अडवणारं वळण), एक चेंबर, दहा-पंधरा फूट पाइप, विटा आणि चार-सहा दिवसांचं काम.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मुरमाड, पोयट्याच्या किंवा वाळूमिश्र जमिनीत पाच-सहा माणसांच्या घराला याच्यापेक्षा चांगला संडास नाही. घट्ट काळ्या मातीत तो चालतो, पण जास्तीचं काम मागतो. उघड्या कातळावर मात्र त्याच्या नादी लागू नये. आणि कुठल्याही जमिनीत तो बिघडतो तो खड्ड्यांमुळे क्वचितच. भांडं आणि चेंबर या सगळ्यांत छोट्या वस्तू चुकतात आणि नाव खड्ड्यांचं खराब होतं.

चाल अगदी साधी आहे. भांड्यातून मैला आणि पाणी चेंबरमध्ये येतं. तिथून दोन वाटा फुटतात, एक उघडी, एक बंद. उघडी वाट पहिल्या खड्ड्यात जाते. पाणी जाळीच्या भिंतीतून आणि तळातून जमिनीत मुरतं, वायूही मातीच शोषून घेते, मागे गाळ उरतो. तीन-साडेतीन वर्षांनी खड्डा भरला की चेंबरमधली वाट बदलायची. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं सगळं कुजून खत झालेलं असतं. सोनखत हा आपला जुना शब्द याच मालाचा. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि शेत यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले, ते याच विचाराने. पुढे १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभने दोन खड्ड्यांची पद्धत देशभर नेली आणि स्वच्छ भारत मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी हाच नमुना पुढे केला गेला.

भांडं आणि ट्रॅप

दुकानात जाऊन नुसतं "संडासचं भांडं द्या" म्हटलं तर शहरी भांडं हातात पडतं. त्याचा उतार कमी असतो, आणि त्याच्याबरोबरच्या ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी साचून राहतं. फ्लशच्या टाकीतून जोराने पाणी येणार असेल तर ते ठीक. लोट्याने पाणी ओतणाऱ्या घरात त्या भांड्याला दर वेळी अर्धी बादली लागते, आणि दुष्काळी गावात अर्धी बादली कोणी ओतत नाही. मग मैला ट्रॅपमध्ये अडकतो, काठीने ढोसलं जातं, ट्रॅप फुटतो.

मागायचं ते ग्रामीण पॅन. काही दुकानांत त्याला रूरल पॅनच म्हणतात. त्याचा तळ २५ ते २८ अंशांनी उतरता असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात सगळं निघून जातं. त्याच्याबरोबर २० मिलिमीटर पाणी धरणारा ट्रॅप हवा. दोन्ही एकमेकांसाठीच बनवलेले आहेत. ग्रामीण पॅनला शहरी ट्रॅप जोडला की फायदा तिथेच संपतो, आणि ही चूक सर्रास होते, कारण भांडं घरमालक आणतो आणि ट्रॅप गवंड्याच्या पिशवीतून निघतो. दुकानातच ट्रॅप सपाट फरशीवर ठेवून पाण्याने भरा आणि वाकवलेल्या तारेने आतल्या पाण्याची पातळी मोजा. वळणाच्या वरच्या ओठापासून पाण्यापर्यंत बोटभर उंची आली तर बरोबर, तीन बोटं आली तर परत करा.

भांडं चिनी मातीचंच घ्यावं. फायबरचं हलकं आणि वाहतुकीला सोपं, पण राख-वाळूने घासलं की चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पिवळेपणा बसतो. मोझॅकचं स्वस्त पडतं, मात्र पहिल्यांदा ॲसिड पडलं की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढे कितीही पाणी ओतलं तरी घाण चिकटते. अमेरिकन स्टँडर्डने बांगलादेशसाठी काढलेलं सॅटो हे प्लॅस्टिकचं भांडंही आहे. त्यात पाण्याच्या वळणाऐवजी खाली उघडणारी झडप असते. पाणी फारच कमी लागतं, पण झडपेच्या बिजागरीत वाळू किंवा राख अडकली की ती पूर्ण मिटत नाही आणि माशा वर येतात. जिथे अजून राखेने हात धुतात तिथे ते बसवू नये.

बसवताना ट्रॅप ओळंब्यात हवा. २० मिलिमीटरचं पाणी म्हणजे फारच थोडी सवलत. ट्रॅप एका बाजूला सेंटिमीटरभर कलला तरी निम्मं पाणी वाहून जातं आणि खड्ड्यातला वास थेट खोलीत येतो. गवंडी फरशीला लेव्हल लावतो, ट्रॅपला लावत नाही. लावायला सांगा.

खड्डा किती मोठा?

इथे गवंड्याशी भांडण ठरलेलं आहे. मोठा खड्डा म्हणजे चांगला खड्डा, हे त्याच्या डोक्यातून निघत नाही. हिशेब करून बघा. जिथे पाणी वापरतात तिथे माणशी वर्षाला साधारण ०.०४५ घनमीटर गाळ साचतो असं धरतात. पाच माणसांचा झाला ०.२२५. आतून एक मीटर व्यासाचा आणि पाइपाच्या तळाखाली एक मीटर खोल असा खड्डा ०.७८५ घनमीटरचा होतो. म्हणजे साडेतीन वर्षांची सोय झाली. पाइपाच्या वर झाकणापर्यंत वीत-दीड वीत जागा मोकळी ठेवायची. एकूण खोदाई सव्वाचार-साडेचार फूट, बस्स. दहा फूट खोल गेलात तर भूजलाच्या जवळ जाता, आणि उपसायला माणूस आत उतरवावा लागतो. साडेचार फुटांच्या खड्ड्यातलं खत मात्र वरून फावड्याने आणि शेवटी कमरेइतकं उतरून काढता येतं.

भिंत अर्ध्या विटेची. एक थर भरीव, एक थर जाळीचा, म्हणजे दोन विटांत दोन इंचांची फट. पाइपाच्या पातळीपासून वरचे थर मात्र सगळे भरीव, आतबाहेर नीट सांधलेले, नाहीतर पावसाचं पाणी आणि उंदीर दोन्ही आत येतात. वाळूच्या जमिनीत फटी अर्ध्या इंचावर आणाव्यात, नाहीतर वाळू आत घसरून खड्डा आपोआप भरतो. तळाला काँक्रीट नाही, आत गिलावा नाही. गिलावा केला की झाली सेप्टिक टाकी, तीसुद्धा बाहेर जायला वाट नसलेली. हे असलं काम खूप दिसतं, आणि सहा महिन्यांत "खड्डा भरला" अशी तक्रार येते.

विटांऐवजी सिमेंटच्या रिंगा घेतल्या तर काम एका दिवसात होतं. फूटभर उंचीच्या चार-चार रिंगा, एकीवर एक, सांध्यात सिमेंट न भरता. घेताना भोकं आहेत ना ते बघा. भोकं नसलेल्या विहिरीच्या रिंगा माथी मारल्या जातात आणि "नंतर पाडून देतो" असं सांगितलं जातं. वाळलेल्या काँक्रीटला नंतर कोणी भोकं पाडत नाही.

दोन खड्ड्यांमध्ये निदान एक मीटर माती सोडायची. कमी सोडली तर चालू खड्ड्यातलं पाणी झिरपून बंद खड्ड्यात उतरतं आणि तिथलं खत कधी वाळतच नाही. जागा अगदीच नसेल तर मधल्या मातीत एक आडवी पाणबंद भिंत घालावी. विहीर किंवा बोअरपासून दहा मीटर अंतर ठेवा, तेही खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या दोन मीटर वर असेल तर. पाणी त्याहून वर येत असेल तर खड्ड्याचा तळ चिकणमाती किंवा प्लॅस्टिकच्या कागदाने बंद करून भोवती अर्धा मीटर जाडीची बारीक वाळू भरावी. कोकणात हे बहुतेक ठिकाणी लागतं. जुलैत जांभ्यातून पाणी कसं वर येतं ते तिथल्यांना सांगायला नको. तिथे खड्डे निम्मे जमिनीच्या वर काढून भोवती मातीचा भराव घालणं हा खरा उपाय, आणि अर्थात संडासाचं जोतंही तेवढं वर न्यावं लागतं. पुढच्या पायऱ्या वाढतात, म्हातारी माणसं कुरकुरतात, पण पर्याय नाही.

काळ्या मातीचं गणित वेगळं. माणशी दिवसाला साडेनऊ लिटर पाणी धरलं तर पाच माणसांचे साडेसत्तेचाळीस लिटर रोज मुरायला हवेत. विटेची जाडी धरून खड्ड्याचा बाहेरचा व्यास १.२३ मीटर, म्हणजे मुरायला जागा सुमारे ३.८६ चौरस मीटर. पोयट्याची जमीन चौरस मीटरला दिवसाला ३० लिटर कायम शोषते असं मानतात, त्या हिशेबाने सुमारे ११६ लिटर मुरतात. भरपूर झाले. चिकण जमिनीत हाच आकडा १० वर येतो आणि जेमतेम ३९ लिटर मुरतात. रोजचे आठ-नऊ लिटर शिल्लक राहतात आणि खड्डा तुंबतो. म्हणून भिंतीभोवती फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर भरायचा. व्यास १.८३ मीटर होतो, मुरणारं पाणी ५७ लिटरवर जातं, काम भागतं. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगून भिंत दाबते, ते दडपणही हा थर झेलतो. ब्रासभर वाळू वाचवायला हा थर गाळला जातो आणि मग "आमच्या मातीत हे चालत नाही" असं सगळं गाव म्हणतं.

हाच हिशेब न्हाणीच्या पाण्याला लावा. पाच जणांच्या आंघोळीच्या पाच बादल्या म्हणजे शंभर लिटर जादा. चांगल्या मुरमाचा खड्डाही ते झेलणार नाही. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी परसातल्या केळीला किंवा वेगळ्या शोषखड्ड्याला सोडायचं. संडास-बाथरूम एकत्र बांधलेल्या घरांत हे दोन्ही एकाच पाइपात जोडलेले असतात. खड्डे तुंबण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे.

चेंबर

चेंबर आतून नऊ इंच बाय नऊ इंच. तळाला इंग्रजी वाय अक्षरासारखी नाळ, अर्धा पाइप उभा चिरून बसवलेली किंवा गुळगुळीत सिमेंटने वळवलेली. कोपरे काटकोनी ठेवले की तिथे मैला बसतो. चेंबरमधून खड्ड्यांकडे जाणारे पाइप चार इंची, दहा फुटांना फूटभर उतार, आणि पाइपाचं तोंड खड्ड्याच्या भिंतीतून चार इंच आत आलेलं. तोंड भिंतीशी सपाट ठेवलं तर पाणी विटांवरून ओघळतं आणि त्याच बाजूची जाळी आधी बुजते.

बंद ठेवायच्या वाटेत विटेचा तुकडा आणि चिखलाचा गोळा. सिमेंट नाही. हे दोनदा सांगावं असं आहे, कारण कामाची सफाई दाखवायला गवंडी तिथे हटकून सिमेंट थापतो. साडेतीन वर्षांनी ती वाट फोडायला छिन्नी-हातोडा लागतो, पाइप तडकतो, आणि दुसरा खड्डा वापरात न येताच राहतो. दुसरा प्रकार त्याहून वाईट. चेंबरच न बांधता पहिल्या खड्ड्यातून दुसऱ्यात ओव्हरफ्लोचा पाइप टाकायचा. पैसे दोन खड्ड्यांचे, काम एका खड्ड्याचं. दोन्ही कायम ओले राहतात, कुठलाच कधी उपसता येत नाही. तिसरी खोड म्हणजे चेंबरवर अंगणाची फरशी घालणं. झाकण सुटं, हाताने उचलेल असं आणि डोळ्यांना दिसेल असं हवं.

व्हेंट पाइप, म्हणजे वायू बाहेर सोडणारी उभी नळी, लावायचा नाही. शेजारच्याने लावला म्हणून लावतात, आणि मग त्यातून वास आणि डास दोन्ही बाहेर येतात. तो सेप्टिक टाकीला हवा असतो, शोषखड्ड्याला नाही.

रोजचा वापर आणि बिघाड

बसण्याआधी अर्धा लोटा पाणी ओतून भांडं ओलं करायचं, उठल्यावर दीड-दोन लिटर. साफ करायला साबणाची पूड आणि मऊ ब्रश पुरतो. ॲसिड आणि भारी जंतुनाशकं नकोत. ती खड्ड्यातल्या कुजवणाऱ्या जिवाणूंना मारतात. पॅड, केस, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं यांतलं काहीही आत गेलं तर ट्रॅपपाशीच अडकतं. ते बांबूच्या चिवट कामटीने काढायचं, सळई घालायची नाही.

पाणी हळू उतरतंय असं वाटलं तर आधी चेंबरचं झाकण उचला. चेंबर कोरडा आणि भांडं भरलेलं असेल तर ट्रॅप अडलाय. चेंबरमध्येही पाणी उभं असेल तर खड्डा भरलाय किंवा पाइपात काही बसलंय. फक्त पावसाळ्यात असं होत असेल तर भूजल वर आलंय, खड्डा भरलेला नाही. वाट बदलण्याची घाई करू नका. बारा महिने वास येत असेल तर ट्रॅपचं पाणी टिकत नाही, किंवा खड्ड्याच्या झाकणाचा सांधा सुटलाय. दुसऱ्या दुखण्याला चिखलाचा लेप पुरतो.

झाकण दोन अर्ध्या तुकड्यांत ओतलेलं असावं, दोन इंच जाड, सळई घातलेलं. एकसंध झाकण चार माणसांशिवाय हलत नाही. ज्या दिवशी वाट बदलाल त्या दिवशी बंद केलेल्या खड्ड्याच्या झाकणावर ऑइलपेंटने महिना आणि वर्ष लिहा. घरात कोणाला आठवत नाही, आणि दीड वर्षाच्या आत उघडलं तर आत निघतो तो मैला.

पूर्ण दोन वर्षं ठेवलं तर निघतं ते चहाच्या भुकटीसारखं, काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः खड्ड्यात उतरून असं खत काढून दाखवलं. लोकांच्या मनातली किळस जावी हा हेतू होता. कायद्याच्या अंगानेही फरक मोठा आहे. २०१३ चा कायदा माणसाकरवी मैला काढून घ्यायला बंदी करतो ती तो पूर्ण कुजण्याआधीच्या अवस्थेसाठी. घाईने उघडलेला ओला खड्डा कोणाला तरी पैसे देऊन उपसायला लावणं हा गुन्हा आहे. खत आंबा, नारळ, चिकूच्या आळ्यात घालावं. जंताची अंडी चिवट असतात, म्हणून कोथिंबीर, मुळा, गाजर यांच्या वाफ्यात नको.

सेप्टिक टाकीशी तुलना

तयार प्लॅस्टिकची टाकी एका दिवसात बसते, कातळावरही कमी खोदाईत बसते, दिसायला नीटस असते. पण तिच्यातून बाहेर पडणारं पाणी घाणच असतं. त्याला पुढे शोषखड्डा लागतोच. तो न करता पाइप गटारात सोडतात. दोन-तीन वर्षांनी गाळ ओढायला सक्शनची गाडी लागते. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी ठरलेल्या फेरीने घरोघरच्या टाक्या उपसायची आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायची व्यवस्था उभी केली आहे. अशा गावात टाकी घेणं शहाणपणाचं. जिथे गाडी तालुक्याहून येते आणि भरलेली टाकी पुढच्या ओढ्यात रिकामी करते, तिथे टाकी घेणं म्हणजे आपली घाण शेजारच्या गावाला पोचवणं. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही, एक मिनिटही नाही. आतल्या वायूने माणसं मरतात.

गुरं असतील आणि कातळ असेल तर देहूच्या डॉ. मापुसकरांनी विकसित केलेला मलप्रभा हा संडासाला जोडलेला गोबरगॅस बघण्यासारखा आहे, पण तो वेगळा विषय.

एकच खड्डा असलेला जुना संडास असेल तर तो पाडू नका. तो भरत आला की मीटरभर सोडून दुसरा खणा, भांड्याकडून येणारा पाइप मध्येच कापून तिथे चेंबर बसवा, जुन्याकडची वाट चिखलाने बंद करा. तीन दिवसांचं काम. स्वच्छ भारतच्या बारा हजारांत एकच खड्डा करून फोटो काढलेली घरं बरीच आहेत. त्यांना हाच मार्ग.

नवीन काम असेल तर गवंड्याचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. चेंबरचं झाकण उचलून बाजूला ठेवा. कणकेचे लिंबाएवढे चार-पाच गोळे भांड्यात टाका आणि दोन लिटर पाणी एका दमात ओता. गोळे चेंबरमधून एकाच वाटेने पुढे जायला हवेत, नाळेत एकही थांबता कामा नये. मग बंद वाटेतला चिखल बोटाने टोकरून बघा. बोट रुतलं तर पैसे द्या.